तिसऱ्या वहीची पाठ

मैनानं कपाला बोटसुद्धा लावलं नाही. बशीसकट तो ओटीच्या कडेला, उन्हात, सरकवून ठेवला आणि पदर गुडघ्यावर नीट करून ती पायरीवरच बसून राहिली.

"ही तिसरी खेप तुजी," सकुबाई बोलली. तिच्या मांडीवर जाड वही होती आणि नजर वहीतच होती, पण बशी सरकल्याचा आवाज तिनं बरोबर ऐकला होता. "तीनदा आलीस, तीनदा चहा केला, तीनदा थंड करून गेलीस. एवढी कसली मिजास गो? विष घालतो का आमी त्याच्यात?"

"पोट भरलंय, काकी."

"घोटभर चहाला जागा नाय, आसलं कसलं पोट भरतंय तुजं? रत्ना, उचल तो कप. मुंग्या येतील."

सून रत्नप्रभा दारातून आली, कप उचलून आत गेली. मोरीत चहा ओतल्याचा आवाज ओटीपर्यंत आला. मैनानं मान वळवली नाही.

पुलाच्या पलीकडं बौद्धवाडीत तिचं घर. शहापूरच्या दवाखान्यात ती आया होती. सकाळची ड्यूटी सुटली की दोनच्या एसटीनं यायची, पुलावर उतरायची, आणि या पंधरवड्यात तिसऱ्यांदा वाडीकडं न वळता सरळ सकुबाईच्या ओटीशी आली होती. कुठंही बसली तरी ती पेशंटच्या उशाशी बसल्यासारखी बसायची. घाई नाही, आणि उठायचा विचारही नाही.

"फोटो बघायचा होता," ती बोलली.

"बघितलास की गेल्या टायमाला."

"अर्धा बघितला."

सकुबाईनं वही मिटली. मिटताना तिचा तळवा वहीच्या पाठीवर, जुन्या लुगड्याच्या पट्टीवर, घट्ट बसला.

पूल होऊन चाळीस वर्षं झाली म्हणून तरशेतच्या शाळेत सव्वीस जानेवारीला प्रदर्शन भरणार होतं. जुन्या गावाचं. नरेंद्र सरांनी घरोघर फिरून विचारलं, तर कुणाकडं सनद, कुणाकडं पितळी माप, कुणाकडं काहीच नाही. मग कुणीतरी सांगितलं, सकुबाईकडं जा, ती कागद चिकटवते. सर आले, सात वह्या बघून खालीच बसले. नदी, नावेची तर, पूल, महापूर, सगळं गाव त्या वह्यांत होतं. त्यातला तरीचा फोटो शहापूरच्या स्टुडिओत दाराएवढा मोठा करून शाळेच्या दारातच लावायचा, असं ठरलं. खाली लिहायचं: तरशेतची तर, मालक धाकलूअण्णा आणि मान्यवर.

धाकलूअण्णा म्हणजे सकुबाईचे सासरे. पूल नव्हता तेव्हा नदी ओलांडायची ती त्यांच्या नावेतून, आणि नाव हाकायचा मैनाचा बाप, बुधू.

"त्या फोटोत बाबा होते," मैना बोलली. "उजव्या अंगाला. मी बारा वर्षांची होते, काठावर उभी होते. फोटोवाल्यानं डोक्यावर काळा कपडा घेतला ते पन आठवतंय मला. आठ दिवसांनी फोटो तुमच्या ओटीवर आला, तो मी पायरीखालून बघितला. बाबा होते त्याच्यात."

"फोटो आलाच आसा. जसा आला तसा लावला मी."

"आमच्याकडं त्यांचा एक पन फोटो नाय, काकी. भिंतीवर जागा ठेवलीय नुसती. आनि आता शाळेच्या दारात तर दिसनार, तरीत उभे हायेत ते दिसनार, हाकनारा नाय."

"मग नाव लिवायला सांगते सरला. बुधू तरवाला. झालं?"

"नाव नको," मैना उठली. चपला तिनं पायरीखालीच काढल्या होत्या, त्या घातल्या. "नाव सांगायला मी हाय. तोंड पायजे."

ती अंगण ओलांडून गेली तरी सकुबाई बोलतच होती. "बापाचं तोंड पायजे म्हनं. मी काय तोंडं साठवून ठेवलीत? चहा पीत नाय नि वर हुकूम करते."

रत्नप्रभा कप विसळत होती.

*

सकुबाई दुसरीपर्यंत शिकली होती. त्यातली पहिली पूर्ण आणि दुसरी भातलावणीपर्यंत. अक्षर लागायचं, पण एकेक करून, पायरी चढल्यासारखं. वर्तमानपत्र ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि त्यात गावाचं, नदीचं काही आलं की तेवढं कापून ठेवायची. सासरी आली तेव्हापासूनचा हा नाद. सासू हसली, नवरा हसला, मुलगा मुकेश तर रद्दीवाल्याला वहीचा भाव विचारून आला होता. "चाळीस वर्षं समदे रद्दी बोलले," ती नरेंद्र सरांना बोलली होती, "आता तू इतिहास बोलतोस. कागद तोच हाय, बाबा."

वह्या तिनं स्वतः बांधल्या होत्या. दाभणानं शिवलेल्या, लुगड्याच्या पट्टीनं पाठ मढवलेल्या. तिसरी वही पुलाच्या कामावरच्या सिमेंटच्या पिशव्यांमधल्या कागदाची होती आणि अजून सगळ्यात दणकट होती. चिकटवायला खळ. तांदळाच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद घालून शिजवलेली, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं भांडं वेगळं. कान तुटलेला एक चिनीमातीचा कप, काठाला निळी रेघ असलेला. तो खिडकीच्या वरच्या फळीवर असायचा आणि घरातल्या पोरांना त्याला हात लावायची बंदी होती.

कागदाचा कपटाही ती टाकत नसे. कापून उरलेल्या पट्ट्या वहीच्या पाठीत जायच्या, लुगड्याच्या पट्टीखाली, एकावर एक. त्यानं शिवण धरून राहायची.

वहीत कुठं काही लिहिलेलं नव्हतं. लिहायला तिला येत नव्हतं असं नाही. पण ज्याला माहीत आहे त्याला लिहायची गरज काय, असं तिचं म्हणणं. नरेंद्र सर म्हणाले, आजी, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. हे वाक्य तिला आवडलं नव्हतं, पण त्याच संध्याकाळी तिनं रत्नप्रभाला पेन्सिल घेऊन बसवलं. पानं उलटायची, सासूनं सांगायचं, सुनेनं कोपऱ्यात लिहायचं.

"हे पीस कसलं, आई?" एका तिकिटाशेजारी कोंबडीचं पीस चिकटवलेलं होतं.

"पयली एसटी आली तेव्हाचं. तिकीट तुज्या सासऱ्याचं. पीस आमच्या कोंबडीचं, एसटीखाली आलेल्या."

रत्नप्रभानं लिहिलं: पहिली एसटी. जरा थांबून पुढं लिहिलं: आणि कोंबडी.

"हे बटन?"

"मुकेश मुरबाडच्या बाजारात हरवला व्हता. सापडला तेव्हा सदऱ्याला येवढंच बटन राह्यलेलं."

मैना गेली त्या दिवशी दोघी तिसऱ्या वहीवर होत्या. तरीचं पान आलं. फोटो पानाला कडेपासून कडेपर्यंत बसलेला, चारही बाजू खळीनं घट्ट. नावेत सात माणसं उभी होती. मधे फेटा बांधलेले धाकलूअण्णा, बाजूला पुलाचा इंजिनीयर, पंचायतीचे दोघे, आणखी कोणकोण. पाठीमागं नवा पूल. रत्नप्रभानं वही उजेडाकडं तिरकी धरली.

"ही बोटं कुणाची?"

"कुठली?"

"ही. नावेच्या टोकावर." उजवीकडं, जिथं फोटो संपत होता तिथं, लाकडावर चार बोटं होती. बाहेरून धरलेली. त्यांच्या मागं मनगट नव्हतं, सरळ कापलेली कड होती.

सकुबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वहीत मावत नव्हता फोटो. लांब व्हता."

"म्हणजे कापलात."

"मावंना तर काय करनार? वही कापू?"

रत्नप्रभानं पेन्सिल खाली ठेवली. फोटोच्या डाव्या अंगाला नावेच्या पुढं नुसतं पाणी होतं, काही नाही, पाणी आणि थोडा काठ. तिनं त्या पाण्यावर आपली चार बोटं आडवी ठेवली. बरोबर मावली.

"इकडनं कापली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली. "इकडं नदीच आहे नुसती."

सून दहावी झालेली होती, पण उलट बोलणारी नव्हती. हेही ती उलट बोलली नव्हती. जे दिसलं ते बोलली. सकुबाईनं खळीच्या कपात बोट घालून खळ ढवळली, बोटाला घट्ट लागते की पातळ ते पाहिलं, आणि बोट फडक्याला पुसलं.

"मैनाताई चहा का नाही घेत आपल्याकडं?" रत्नप्रभानं विचारलं. "माझ्या माहेरी वाशिंदला आली होती एकदा, दवाखान्यातल्या बायकांबरोबर. तिथं घेतला."

"बापानं शिकवलं तिच्या. बुधूचा कप येगळा व्हता हिते. वळचनीला खोचलेला असायचा. तेव्हा सगळ्यांच्याच घरात तसं व्हतं, आमचं एकट्याचं नाय. बाकीचे तर करवंटीत द्यायचे. आमी चिनीमातीचा ठेवला व्हता."

"मग?"

"मग काय. दीक्षा घेतली त्यांनी. नंतर काई वर्षं प्याला, मग एक दिवस सोडला."

"कुठं आहे तो कप?"

सकुबाई फडक्याची घडी घालत होती. एक घडी, दुसरी घडी.

"फुटला आसंल," ती बोलली. "चल, पुढचं पान काढ."

*

दुसऱ्या दिवशी घरी कोणी नव्हतं. मुकेश कामावर, रत्नप्रभा वाल खुडायला शेतात. नरेंद्र सरांचा निरोप आला होता, फोटो न्यायला उद्या सकाळी येतो. सकुबाईनं वही काढली आणि न उघडता मांडीवर ठेवली.

पुलाचं उद्घाटन झालं त्या दिवशी घरात दोनशे माणसांचा चहा झाला होता. मोठ्या टोपात, गुळाचा नाही, साखरेचा. कप शहापूरहून मागवले होते. इंजिनीयर ओटीवर, पंचायतीचे ओटीवर, आणि अंगणात सगळं गाव. तरीची शेवटची फेरी मारून, फोटो काढून झाल्यावर बुधू वर आला, ओल्या धोतरानं. चाळीस वर्षं त्यानं नाव हाकली होती. पंधराव्या वर्षी बांबू हातात घेतला तो त्या दिवशी ठेवला. धाकलूअण्णा बोलले, आदी बुधूला चहा द्या. सकुबाई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, अंगात कौतुक मावत नव्हतं. ती पळत गेली, वळचणीचा कप काढला, पदरानं पुसला आणि भरून घेऊन आली.

बुधूनं कप घेतला. अंगणात कितीतरी लोक चहा पीत होते. सगळ्यांच्या हातात सारखे, गुलाबाच्या फुलाचे कप होते. त्यानं एकदा तिकडं पाहिलं, एकदा हातातल्या निळ्या रेघेकडं पाहिलं. मग वाकून तो पायरीवर ठेवला, थेंबही न सांडता, आणि पोट भरलंय वैनी, असं बोलून गेला. पुलावरून गेला. पुलावरून पलीकडं चालत गेलेल्या पहिल्या माणसांत तो होता.

लोक हसले. कोणीतरी बोललं, घ्या, तरवाल्याला आता चहा पन इंजिनीयरचा लागतो. धाकलूअण्णा हसले नाहीत. पण ते काही बोललेही नाहीत. चहा तसाच पायरीवर राहिला. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर जाड साय धरली होती. ती साय, तिच्यावर बसलेली माशी, आणि दोनशे माणसांदेखत परत आलेला आपल्या हातचा चहा. सकुबाईला ते इतक्या वर्षांनीही जसंच्या तसं दिसायचं. तिनं तो अंगणात फेकला. कप धुतला. पण पुन्हा वळचणीला लावला नाही.

आठ दिवसांनी फोटो आला.

सकुबाईनं वहीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. वरून खाली. मधे एका ठिकाणी पट्टी जरा जाड लागायची. ती जागा तिच्या अंगठ्याला चाळीस वर्षं माहीत होती. या वहीची शिवण कधी उसवली नव्हती. बाकी सगळ्या वह्या दोन-दोनदा शिवून झाल्या होत्या.

रत्नप्रभा वालाची पाटी घेऊन आली तेव्हा सासू चुलीपुढं बसून ताजी खळ शिजवत होती.

"बौद्धवाडीत निरोप धाड," सकुबाई बोलली. "उद्या ड्यूटीवर जायच्या आदी ये म्हनावं. सर यायच्या आत."

*

मैना उजाडता आली. अंगात स्वेटर, वर दवाखान्याची निळी साडी. ती पायरीवर बसणार, तेवढ्यात सकुबाई बोलली, "वर ये. हितं. बसल्या जागेवरनं दिसायचं नाय तुला."

मैना क्षणभर उभी राहिली. मग ओटीवर चढली आणि सतरंजीच्या कडेला बसली.

पाटावर तिसरी वही पालथी ठेवलेली होती. तिच्या पाठीवर ओलं फडकं. शेजारी लहान सुरी, नवी खळ, आणि उपड्या ताटलीवर वेगळा काढलेला तरीचा फोटो. फोटोचं पान सकुबाईनं पहाटेच शिवणीतून सोडवलं होतं.

"हे काय करताय?" मैनानं विचारलं.

"गप बस. हात थरथरला तर तुज्या बापाचं नाक जाईल."

तिनं फडकं उचललं. लुगड्याची पट्टी पाण्यानं फुगली होती. सुरीचं टोक कडेखाली घालून ती पट्टी सोडवत गेली, बोटबोटभर, मधेच थांबून, पुन्हा ओलं करून. पट्टी सुटली. खाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या होत्या, लग्नपत्रिकेची लाल कड होती, वहीच्या रेघांचा कागद होता. एकेक करून ती काढत गेली आणि ताटलीच्या कडेला लावत गेली. पाचवी पट्टी निघाली तेव्हा ती थांबली.

ती जाड होती. दुमडून, पाठीच्या आकारात बसवलेली.

"चकचकीत अंगाला खळ नीट धरत नाय," सकुबाई बोलली, कोणाला सांगावं तशी नाही. "मागच्या अंगाला धरते. तोंड वर ठेवलं व्हतं मी. आलं तर नीट येईल."

आलं. वरचा कागद अलगद सुटला आणि पट्टी उलगडली. मधे उभी घडी पडलेली, रंग चहासारखा झालेला, आणि पृष्ठभागावर लुगड्याच्या विणीचे बारीक चौकोन उमटलेले. पण माणूस होता. छातीपर्यंत पाण्यात उभा, डोक्याला मुंडासं, एका हातात बांबू, दुसरा हात नावेकडं लांब केलेला आणि मनगटाशी संपलेला. तो फोटोवाल्याकडं बघत नव्हता. नावेत उभ्या असलेल्या माणसांकडं बघत होता. घडी त्याच्या खांद्यावरून गेली होती. तोंड वाचलं होतं.

मैना पुढं वाकली. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. रत्नप्रभा दारात येऊन उभी होती.

"घे," सकुबाई बोलली. "सुकव सावलीत. उन्हात धरू नको, वाकडी व्हईल. फ्रेम करून घे शहापूरला."

मैनानं पट्टी घेतली नाही.

"घे की. हेच पायजे व्हतं ना?"

"हे नको होतं," मैना बोलली. "घरी न्यायला नंतर काढीन मी दुसरा, मोठ्या फोटोवरनं. हा जिथनं कापला तिथं लावा."

"सर येतील आता."

"येऊ देत. लावलेला बघतील."

सकुबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग खिडकीजवळ गेली, एक जाड कागद आणला, त्याच्यावर तरीचा फोटो ठेवला. पट्टीच्या मागून जुनी खळ खरवडली. फळीवरून कप काढला, नवी खळ त्यात ओतली आणि तर्जनीनं पट्टीला खळ लावायला लागली, मधून कडेला, मधून कडेला, जशी लावायची तशी.

पट्टी बसवायला गेली तेव्हा लक्षात आलं. चाळीस वर्षं पाठीत राहून कागद आटला होता. मनगट बोटांना लागेना. बोटं वर आणि मनगट करंगळीभर खाली. तिनं पट्टी वर ओढली, तर पाणी जुळेना. खाली घेतली, तर हात तुटला. पुन्हा वर. तिच्या कपाळावर घाम आला.

"खाली दिसतोय हा," ती बोलली. "सगळ्यांच्या खाली."

"राहू दे," मैना बोलली. "पान्यात उभा होता तो. तुमी सगळे वर कोरडे उभे राह्यले, ते त्यानं नाव धरलेली म्हनून."

सकुबाईनं पट्टी वर ओढणं सोडलं. तिनं पट्टी पाण्याला पाणी जुळवून ठेवली, वर फडकं दाबलं आणि तळवा तसाच ठेवून बसली. खळ धरेपर्यंत दाबून ठेवावं लागतं.

तिचा एक हात अडकलेला होता म्हणून मैनानं कप बाजूला करायला उचलला, लाथ लागून सांडू नये म्हणून. उचलला आणि हातातच धरून राहिली. तिनं तो फिरवला. काठाची निळी रेघ, तुटलेल्या कानाचे दोन खुंट.

"हा तोच ना?" ती बोलली. "बाबा सांगायचे. निळ्या रेघेचा."

सकुबाईचा तळवा फडक्यावर होता. तो तिनं उचलला नाही.

"कान नव्हता तुटलेला तेव्हा," ती बोलली. "त्याच आठवड्यात खळीला घेतला. ह्याच फोटोला."

मैनानं कप होता तिथं ठेवला. बशीवर ठेवावा तसा, हळू. बोटाला लागलेली खळ तिनं पदराला नाही, खाली वाकून अंगणातल्या मातीला पुसली.

नेमकी तेव्हाच रत्नप्रभा आतून आली. तिच्या हातात तबक होतं, तबकात तीन कप, तिन्ही सारखे, वाफ निघत असलेले. पुलावर एसटीचा हॉर्न वाजला. सहा पन्नासची. मैना उठली, साडी झटकली, आणि तबकाकडं बघून तिनं तोंड उघडलं.

"पोट भरलंय, आसं बोलू नको," सकुबाई बोलली. "रत्ना, आत ने ते. तिच्यापुढं नको धरू."

रत्नप्रभा जागीच थांबली. सकुबाईनं फडकं उचललं. खळ धरली होती. सात माणसं, एक नाव, आणि करंगळीभर खाली, पाण्यात, आठवा. तिनं तो उताणा ताटलीवर ठेवला, सर येतील त्यांना पहिल्यांदा दिसेल असा, आणि मग मान वर करून मैनाकडं पाहिलं.

"बरोबर करतेस तू, मैने," ती बोलली. "तुज्या जागी मी आसते, तर कप नुसता सरकवून ठेवला नसता. फोडला आसता."